आउटबोर्ड मोटरला प्लग कुठला, वायर कुठली? वरचा सिलिंडर सारखा काळा पडतोय

पिंजरेवाला | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. वाहनांच्या विभागात बोटीचा धागा काढतोय, चालवून घ्या. नाशिकमध्ये बोटीचं विचारायला दुसरी जागा सापडली नाही.

इगतपुरीकडच्या एका धरणावर आमचे माशांचे पिंजरे आहेत, तिलापियाचे. रोज दोन वेळा खाद्याची पोती न्यायला फायबरची होडी आहे आणि तिच्यामागे १५ हॉर्सची आउटबोर्ड. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोरी ओढून चालू करायची. गेल्या दिवाळीत कोकणातून जुनी घेतली. पुस्तक मिळालं नाही, झाकणाच्या आतलं स्टिकर अर्धं उडालंय.

त्रास असा. चालू पटकन होते, हळू चालवली तर कुरकुर नाही. अर्ध्याच्या वर रेस केली की भुक्क भुक्क करत मिस मारते. किनाऱ्याला येऊन प्लग काढावेत तर वरचा काळा आणि ओला, खालचा बरा. पॉलिश पेपर मारून परत बसवला की दोन दिवस चालतं, मग पुन्हा तेच.

मोटर घेतली तेव्हाचे प्लग इतके गंजलेले होते की त्यांच्यावरचं काही वाचताच आलं नाही. ते फेकून सारडा सर्कलजवळच्या एका दुकानातून "हाच बसतो" म्हणून बी८एचएस आणले, सध्या तेच आहेत. काल दुसऱ्या दुकानातून अजून एक जोडी आणली, तिच्यावर बी७ईएस लिहिलंय. उद्या सकाळी ती टाकतोय. वायरी पण बदलू का? बाईकच्या चालतील का? जाणकारांनी सांगा.

चिवडा_किलोभर | शनिवार, रात्री ९.२२

खुर्ची टाकून बसलो आहे. नाशकात बोटीचा धागा म्हणजे राजस्थानात छत्रीचा धागा.

ओझरचे काका | शनिवार, रात्री ९.३१

पिंजरेवाले, उद्या सकाळी काहीही टाकू नका. घाईत लिहितोय, आधी एवढं वाचा.

बी७ईएसमधला 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. तुमच्या बी८एचएसमधला 'एच' म्हणजे १२.७. दोन्हींचे आटे १४ मिलिमीटर जाडीचेच, म्हणून ई वाला तुमच्या हेडमध्ये विनातक्रार फिरत जाईल, वॉशर टेकेपर्यंत. आणि मग त्याचं टोक सहा मिलिमीटरपेक्षा जास्त आत लोंबेल. पिस्टन वर आला की थेट त्याच्यावर. पहिली दोरी ओढताच ठण्ण वाजेल, किंवा वाजणार नाही आणि तासाभराने पिस्टनला भोक पडेल. नशीब चांगलं असलं तर नुसती गॅप, म्हणजे टोकाशी ठिणगी पडायची फट, चेपून बंद होईल.

दोन्ही प्लग शेजारी उभे धरून बघा, डोळ्यांना दिसेल. बाकीचं जेवून लिहितो.

पिंजरेवाला | शनिवार, रात्री ९.४०

काका, आत्ता दोन्ही टेबलावर उभे केले. अंगावर काटा आला. ई वाल्याचे आटे माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा थोडे कमी, एच वाल्याचे जेमतेम अर्ध्या पेराएवढे. दुकानदार म्हणाला होता, "सात नंबर आठपेक्षा भारी, घेऊन जा."

सातपूर_फिटर | शनिवार, रात्री ९.५२

दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाय. त्याच्याकडं दिवसाला शंभर गाड्यांवाले येतात, बोटवाला वर्षातून एक. मोटरचं नाव, मॉडेल आणि प्लगचा पूर्ण नंबर कागदावर लिहून न्यायचा, शेवटच्या आकड्यासकट. आपण तोंडी "बोटीचा प्लग द्या" म्हणलं की तो डब्यात हात घालतो आणि जो पहिला लागतो तो देतो.

द्राक्षबाग | शनिवार, रात्री १०.०५

माझ्याकडे बोट नाही, पण फवारणीचे दोन टू-स्ट्रोक पंप आहेत. प्लग काळा पडायचा रोग तिथेही आहे, म्हणून बसलोय. एक शंका. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरवर, हवा पातळ. मग कोकणात चालणारा प्लग इथे काळा पडणारच ना? एक नंबर गरम प्लग टाकला तर?

ओझरचे काका | शनिवार, रात्री १०.४८

जेवलो. आता सविस्तर.

नोकरीची ३१ वर्षं विमानाच्या कारखान्यात गेली, त्यामुळे नंबर वाचल्याशिवाय नटसुद्धा न लावण्याची खोड आहे. घरच्यांना तिचा त्रास होतो, तुम्हाला उपयोग होईल.

तुमच्या प्लगची कंपनी एनजीके. तिच्या नंबरात पहिलं अक्षर आट्यांची जाडी. बी म्हणजे १४ मिलिमीटर, डी म्हणजे १२, सी म्हणजे १०. पुढे कधी पी येतो, म्हणजे चिनी मातीचं नाक थोडं बाहेर आलेलं. आर आला तर आत रेझिस्टर आहे. मग आकडा, तो उष्णतेचा. मग एच किंवा ई, ते वर सांगितलं. शेवटी एस, म्हणजे साधा तांब्याच्या गाभ्याचा. आणि शेपटीला -१० असेल तर गॅप १.० मिलिमीटर, -९ असेल तर ०.९. ही शेपटी दुकानदार हमखास खातात.

उष्णतेच्या आकड्यात सगळे फसतात. प्लग गरम किंवा थंड म्हणजे तो ठिणगी किती जोरात टाकतो हे नव्हे. आपल्या टोकाची उष्णता तो हेडकडे किती लवकर सोडून देतो, एवढाच त्याचा अर्थ. टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तर त्याच्यावरची काजळी जळून जाते आणि प्लग स्वतःला साफ ठेवतो. त्याच्या खाली राहिलं की काजळी बसते. ८५० च्या पलीकडे गेलं तर चिनी माती पांढरी फटक पडते, फोड येतात, आणि ठिणगी पडायच्या आधीच टोकाच्या लालीने पेट्रोल पेटतं. टू-स्ट्रोकचा पिस्टन तिथेच वितळतो. पांढऱ्या प्लगवर चांदीसारखे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम समजा आणि मोटर त्याच क्षणी बंद करा.

एनजीकेत आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलट, आकडा मोठा तितका गरम. म्हणजे "आठ नंबर द्या" या वाक्याला कंपनीचं नाव घेतल्याशिवाय काहीच अर्थ नाही.

आता तुमचा बी८एचएस. १५ हॉर्सच्या टू-स्ट्रोकला, उदाहरणार्थ यामाहाच्या, बी७एचएस-१० किंवा बीआर७एचएस-१० हा नेहमीचा नंबर. तुमची मोटर कुठली ते लिहिलं नाहीत, ते आधी बघा. तीच असेल तर तुम्ही एक पायरी थंड प्लग वापरताय. एका पायरीने टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी इकडेतिकडे होतं. त्यात तुम्ही पिंजऱ्यांमधून चालीच्या वेगाने फिरणार. तो प्लग तापणार कधी?

द्राक्षबागवाले, ६०० मीटरवर हवा साधारण सहा-सात टक्के विरळ. मिश्रण किंचित जाड होतं हे खरं, पण तेवढ्यासाठी कंपनीने दिलेला आकडा सोडू नका. आधी हवेचा फिल्टर, चोक पूर्ण उघडतोय का, कार्बोरेटर आणि तेलाचं प्रमाण बघा. गरम प्लग टाकून काळा रंग घालवणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फ्रीजमध्ये ठेवणं.

चिवडा_किलोभर | शनिवार, रात्री १०.५५

वाखुसा (वाचनखूण साठवली). थर्मामीटरचं वाक्य चोरलं आहे.

मालवणी_मेवा | शनिवार, रात्री ११.२०

मोटर कोकणातून घेतलंस म्हणजे ती खाऱ्या पाण्यात आयुष्य काढून आलेली. आमच्याकडे दोन-तीन महिन्यांनी प्लग सोडवून परत घट्ट करतत, नायतर आटे हेडात धरतत. सोडवताना जोर लावशील तर ॲल्युमिनियमचे आटे प्लगाबरोबर बाहेर येतीत. इंजिन कोमट असताना, थोडं तेल सोडून, मागे-पुढे करत काढ.

आणि तेल खयचा घालतंस? मोटरसायकलचा टू-टी घालत असशील तर अर्धो रोग थयच आसा.

पिंजरेवाला | रविवार, सकाळी ७.१५

मेवा दादा, बरोबर पकडलंत. बाईकचंच टू-टी घालतो, पंपावरचं. प्रमाण अंदाजपंचे, पाच लिटरला एक छोटी बाटली.

काका, स्टिकरवर रॉकेल लावून घासलं. मोटर तुम्ही म्हणता तीच आहे आणि "७एचएस-१०" एवढं स्पष्ट दिसतंय, आधीची अक्षरं गेलीत.

मालवणी_मेवा | रविवार, सकाळी ८.०५

मग ऐक. बोटीच्या टू-स्ट्रोकला टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं तेल. बाईकच्या तेलात राख करणारी रसायनं असतात. बाईकच्या हवेवर थंड होणाऱ्या गरम इंजिनला ती चालतात. बोटीचं इंजिन धरणाच्या थंड पाण्यावर थंड होतं आणि तासन्‌तास एका रेसवर चालतं, तिथे ती राख प्लगच्या टोकावर बसते. कधी कधी दोन टोकांच्या मधे केसासारखा पूल तयार होतो, मग ठिणगी कशाला उडी मारेल? टीसी-डब्ल्यू३ मध्ये ती राख नसते.

प्रमाण ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली. तुझी टाकी २४ लिटरची असेल तर ४८० मिली. नवीन इंजिन बसवताना दुप्पट, पण तुझं काय नवीन नाही. औषधाच्या बाटलीचं माप ठेव, अंदाजपंचे बंद.

सातपूर_फिटर | रविवार, सकाळी ९.३०

तेल, प्लग सगळं बरोबर हाये. पण एक गोष्ट कोणी बोललं नाय. तेल दोन्ही सिलिंडरला सारखंच जातंय, प्लग दोन्हीकडं तोच. मग काळा फक्त वरचा का?

पिंजरेवाले भाऊ, आज एक काम करा. वरचा प्लग खाली, खालचा वर. दोन दिवस चालवा. काळेपणा प्लगच्या मागं खाली गेला तर प्लग खराब. वरच राहिला तर प्लगचा काही दोष नाय, वरच्या घरातच भानगड हाये. पैसे लागत नाय.

ओहमताई | रविवार, दुपारी १२.१०

फिटरदादांना दहापैकी दहा. इतका वेळ सगळे प्लगवर तुटून पडले होते, म्हणून गप्प वाचत होते. मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, बोटीत फक्त गंगापूर धरणावर एकदा बसले आहे, तेही लाइफ जॅकेट घट्ट धरून.

पिंजरेवाले, अदलाबदल कराच. त्याच वेळी तीन गोष्टी बघून सांगा. दोन्ही प्लगच्या वायरी एकाच कॉइलमधून (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) निघतात की दोन वेगळ्या कॉइल आहेत? वायर आत कसली आहे, तांब्याच्या बारीक तारांची की काळ्या दोरीसारख्या गाभ्याची? आणि प्लगच्या टोप्या वायरीवर स्क्रूसारख्या फिरून निघतात का?

बाईकच्या वायरीबद्दल विचारलंत म्हणून. वायरीचा गाभा दोन प्रकारचा असतो. एक धातूच्या तारांचा, त्याला विरोध जवळपास शून्य. दुसरा कार्बन भरलेल्या धाग्याचा, त्याला मीटरमागे हजारो ओहम. गाड्यांच्या दुकानात रंगीत सिलिकॉनच्या तयार वायरी मिळतात त्या बऱ्याचदा कार्बनवाल्या. लहान आउटबोर्डवर मूळ वायर बहुधा तारांची असते आणि टोपीतला स्क्रू त्या तारांमध्ये घुसून पकड घेतो. कार्बनच्या धाग्यात तो स्क्रू नीट पकडच घेत नाही, आत फट राहते, ठिणगी तिथे उडत राहते आणि महिनाभरात धागा जळून जातो. तेव्हा वायर बदलायची तर जी होती तशीच, तारांच्या गाभ्याची, त्याच जाडीची.

पिंजरेवाला | मंगळवार, रात्री ८.४५

अदलाबदल करून दोन दिवस झाले. काळा वरचाच. म्हणजे आधी खाली गोरा होता तो प्लग वर जाऊन काळा झाला.

ताई, कॉइल एकच आहे, तिच्यातून दोन वायरी. टोप्या फिरून निघतात. वरची टोपी काढली तर आतल्या तारा हिरव्या-काळ्या, चिमटीत धरल्या तर भुगा. खालच्या तारा पिवळ्या, स्वच्छ.

पण एक कळत नाही. प्लग बाहेर काढून, बॉडीला टेकवून दोरी ओढली तर वरच्यालाही झकास निळा करंट पडतो. मग खराबी कुठे आहे?

ओहमताई | मंगळवार, रात्री ९.३५

आता मजा आली.

आधी करंट का दिसतो ते. बाहेर मोकळ्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला ठिणगीला फारसं बळ लागत नाही. सिलिंडरमध्ये दाबलेलं मिश्रण असतं आणि दाब जितका जास्त तितकी तीच फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. हळू चालवताना दाब कमी, ठिणगी पडते. रेस केली, सिलिंडर भरला, दाब वाढला, की विजेला प्लगपेक्षा सोपी वाट दुसरीकडे सापडते. म्हणून तुमची मोटर अर्ध्या रेसपर्यंत शहाणी आणि पुढे वेडी. बाहेर काढून पाहिलेला निळा करंट फक्त एवढंच सांगतो की कॉइल जिवंत आहे.

आता वरचाच का. एका कॉइलची दोन तोंडं असली तर वीज एका तोंडातून निघते, एका प्लगमधून इंजिनच्या ब्लॉकमध्ये उतरते, ब्लॉकमधून दुसऱ्या प्लगमार्गे परत दुसऱ्या तोंडाला येते. दोन्ही प्लग एकाच माळेत. वरची वायर नुसती तुटली असती तर माळ तुटल्यामुळे त्रास दोन्हीकडे दिसला असता. तुमच्याकडे खालचा मस्त चाललाय. म्हणजे वीज वरच्या वायरीतून निघून ब्लॉकपर्यंत पोहोचते आहे, पण प्लगमधून नाही. मधेच कुठेतरी वायरीचं आवरण फाडून किंवा टोपीच्या रबरातून थेट ब्लॉकवर उडी मारते आहे.

शोधायची पद्धत अशी. अंधार पडल्यावर मोटर पाण्याच्या ड्रममध्ये उभी करा, गिअर न्यूट्रलमध्ये, पंखा काढून ठेवा. पेट्रोलची टाकी नळीच्या लांबीइतकी दूर, झाकण घट्ट, आणि आधी इंजिनवर सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या, कारण आपण ठिणगीच शोधतोय. वरचं झाकण काढून चालू करा. फ्लायव्हील उघडं फिरत असणार, सैल बाह्या आणि गळ्यातला पंचा नको. कपड्यांच्या इस्त्रीची पाण्याची फवारणी बाटली घ्या आणि वायरीवर लांबून दोन फुसकारे मारा. हात वायरीला लावायचा नाही, हा झटका खेळण्यातला नाही.

अजून एक. प्लगची टोपी काढून नुसती लोंबत ठेवून दोरी कधीही ओढू नका. विजेला जायला जागा मिळाली नाही की ती कॉइलच्या आत वाट फोडते, आणि सीडीआयचीही, म्हणजे कॉइलला वीज सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीचीही, वाट लागू शकते. काढलेला प्लग टोपीत घालून बॉडीला टेकलेला हवा, आणि तो सिलिंडरच्या भोकापासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

चिवडा_किलोभर | मंगळवार, रात्री ९.४१

ताई, तुमच्या कॉलेजात प्रवेश मिळेल का? वय ४७.

द्राक्षबाग | मंगळवार, रात्री १०.००

मी आत्ता गोठ्यात जाऊन पंपाच्या वायरीवर फुसकारा मारून आलो. काही दिसलं नाही. म्हैस दचकली.

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ६.५०

थोडं अवांतर, पण प्लगचंच. २०१९ च्या ऑगस्टात गोदेला पूर आला, नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्यात, तेव्हा आम्ही काही जण एका मंडळाच्या रबरी बोटीवर मदतीला होतो. वर्षभर गोदामात उभी असलेली आउटबोर्ड. ऐन वेळी चालू होईना. दोरी ओढून ओढून खांदे गेले, प्लग पेट्रोलने न्हाले. सुटे प्लग डब्यात होते पण प्लगचा पाना नव्हता. कोणीतरी पंचवटीतून एका गॅरेजवाल्याला उठवून पाना आणला. तेवढा वेळ आम्ही बोटीत बसून पाणी चढताना बघत होतो.

तेव्हापासून त्या बोटीत दोरीने बांधलेला एक डबा आहे. त्यात गॅप तपासून ठेवलेले दोन प्लग, त्याच मापाचा पाना, एक टोपी, कोरडं फडकं. पाना त्याच मापाचा यासाठी की १४ मिलिमीटरच्या बी प्लगचा षटकोन २०.८ चा असतो, बाईकवाल्याचा १६ चा पाना त्याला लागत नाही. हे त्या दिवशी कळलं.

पिंजरेवाला | गुरुवार, रात्री ९.५५

सापडलं!!!

काल रात्री ताईंनी सांगितलं तसं केलं. भावाला फवारणीची बाटली दिली, मी रेस धरली. पहिल्या दोन फुसकाऱ्यांना काही नाही. तिसरा कॉइलच्या खालच्या बाजूला पडला आणि वायर जिथे एका लोखंडी पट्टीला घासून जाते तिथे निळा किडा चमकायला लागला. चट चट चट आवाज, आणि प्रत्येक चट-ला इंजिनचा एक ठोका गायब. भाऊ म्हणाला, "दादा, ही तर दिवाळीची लवंगी."

बंद करून बॅटरी मारली तर आवरणावर सुईच्या टोकाएवढं भोक, भोवती राखेचं पांढरं वर्तुळ. पट्टीवर बरोबर समोर काळा ठिपका. इतक्या महिन्यांत दोन जोड्या प्लग घेतले आणि भानगड या ठिपक्यात.

टोप्या पण मीटरने मोजल्या. खालची ५.२ किलो-ओहम. वरची १८, आणि हलवली की आकडा नाचतो.

आता पुढे काय? भोकावर काळी टेप गुंडाळली तर चालेल का?

ओहमताई | गुरुवार, रात्री १०.२०

अभिनंदन! टेप नाही चालणार. घरच्या वायरिंगची पीव्हीसी टेप सहाशे व्होल्टची असते, इथे गोष्ट वीस-तीस हजारांची आहे. वायर कॉइलमधून सुटत असेल तर वायर बदला, कॉइलमध्ये ओतून बसवलेली असेल तर वायरीसकट कॉइल घ्या. तोपर्यंत जाड सिलिकॉनची नळी वायरीवर चढवून, वायर पट्टीपासून बोटभर लांब बांधून काम भागवा. ते भागवणंच आहे, हे विसरू नका.

टोपी मात्र लगेच बदला, ५ किलो-ओहमची. वायरीचं टोक सेंटिमीटरभर कापा, तारा स्वच्छ पिवळ्या दिसेपर्यंत, मग टोपी फिरवून बसवा. घेताना टोपीच्या आत बघा. काही टोप्या प्लगच्या डोक्यावरच्या उघड्या आट्यांवर बसतात, काहींना आट्यांवर ती छोटी गोल घुंडी लागते. चुकीची घेतली तर आत फट राहते.

आर वाला प्लग की बिनआरचा, हा प्रश्न येणारच. आर म्हणजे प्लगच्या आत साधारण पाच किलो-ओहमचा रेझिस्टर. ठिणगीतून रेडिओची खरखर निघते, ती त्याने दबते. तुमच्या मोटरला कंपनी दोन्ही सांगते, तर दोन्ही चालतील. मासे दाखवणारं यंत्र किंवा वायरलेस लावणार असाल तर आर घ्या. इंजेक्शनवाल्या फोर-स्ट्रोकला मात्र आर असेल तिथे बिनआरचा कधीच नको, त्या खरखरीने कॉम्प्युटरच गोंधळतो.

ओझरचे काका | गुरुवार, रात्री १०.४४

ताई, फारच सुरेख निदान. आमच्या शॉपमध्ये तुमच्यासारखी माणसं हवी होती.

पिंजरेवाले, बसवतानाचं एवढं ऐका. नवा प्लग डब्यातून काढल्यावर गॅप फिलर गेजने मोजा, डब्यावर १.० लिहिलं असलं तरी. पडलेला प्लग वापरू नका, मातीला दिसत नाही अशी चीर जाते. आधी हाताने फिरवा, वॉशर टेकेपर्यंत पाना लावायचाच नाही. हाताने जात नसेल तर आटे तिरके धरलेत, मागे फिरवून पुन्हा. टॉर्क पाना असेल तर २५ न्यूटन-मीटर. नसेल तर हाताने टेकल्यावर पाव ते अर्धा फेरा. तेवढाच. मिस्त्री लोक पान्याला पाइप लावतात ते बघून माझा रक्तदाब वाढतो.

मालवणी_मेवा | गुरुवार, रात्री ११.०५

आट्यांक काळा ग्रीस लावतंस तर अगदी थोडा, टोकाक लागता नये. आमी लावतोच, खाऱ्या पाण्याक इलाज नाय.

ओझरचे काका | शुक्रवार, सकाळी ६.१०

मेवा, तुमच्याकडे ठीक. यांचं पाणी गोडं आहे आणि प्लगवर मुलामा असतोच. ग्रीस लावलं की त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो आणि आटे ताणतात. मी लावणार नाही.

मालवणी_मेवा | शुक्रवार, सकाळी ८.३०

काका, तुमी विमानवाले, आमी होडीवाले. तुमचो प्लग अडाकलो तर हँगर आसा. आमचो अडाकलो तर वल्ही.

सातपूर_फिटर | शुक्रवार, सकाळी ९.००

इरिडियमचा महागडा प्लग टाकू का, असं विचारायच्या आधीच सांगतो. नको. जुनं कार्बोरेटरचं टू-स्ट्रोक, त्यात तेलाचा धूर. साधा प्लग काळा पडला तर साफ करता येतो, फेकायला जीव जळत नाय. पैसे कॉइलला ठेवा.

आणि डुप्लिकेटपासून सांभाळा. अक्षरं फिसकटलेली, आटे खरखरीत, वॉशर सैल होऊन गळून पडतोय, तर घेऊ नका. लई स्वस्त दिला तर तिथंच समजून जा.

पिंजरेवाला | पुढच्या आठवड्यात बुधवार, रात्री ८.३०

अहवाल देतो.

कॉइल मुंबईहून मागवली, यायला अजून चार-पाच दिवस. तोपर्यंत सिलिकॉनची नळी चढवली, वायर पट्टीपासून लांब बांधली, टोक कापून दोन्हीकडे नव्या टोप्या. बीआर७एचएस-१० ची जोडी कागदावर लिहून नेऊन आणली. दुकानदाराने शेपटीशिवायचे पुढे केले, मी कागद पुढे केला. तेल टीसी-डब्ल्यू३, लिटरला २० मिली, मुलाच्या खोकल्याच्या औषधाच्या मापाने. बायको म्हणाली ते माप आता घरात आणू नका.

सोमवारी सहा पोती खाद्य घालून पूर्ण रेस केली. पहिल्यांदा होडीचं नाक वर आलं. घेतल्यापासून ही मोटर इतकी पळते हे मला माहीतच नव्हतं. भाऊ पुढे बसला होता तो मागे पोत्यांवर पडला. आज दोन्ही प्लग काढून पाहिले. दोन्ही चहाच्या बिस्किटासारखे तपकिरी, वरचा किंचित गडद.

धूर अजून आहे, पण कमी.

ओहमताई | बुधवार, रात्री ८.५०

वरचा किंचित गडद आहे तो बहुधा नळीखाली अजून तीच भोकाची वायर आहे म्हणून. कॉइल आली की आळस न करता बसवा.

चिवडा_किलोभर | बुधवार, रात्री ९.०५

सगळं झालं, पण त्या लांब ई वाल्या जोडीचं काय केलंत? दुकानदाराने परत घेतली?

पिंजरेवाला | बुधवार, रात्री ९.१२

नाही घेतली. "बिल आहे पण डबा फाडलाय" म्हणाला. भावाने फेकजाळ्याच्या घेराला बांधलेत, वजन म्हणून. दोन शिशाच्या गोळ्या कमी पडतच होत्या.